डबलसीट असताना गाडी गचका न बसता कशी थांबवायची

मागे कोणी बसलेलं असताना गाडी पळवणं सोपं आहे, थांबवणं अवघड, आणि मुंबईत आपण पळवतो कमी, थांबवतोच जास्त. दादर टीटीला नाहीतर सायन सर्कलला फुटपाथवर पाच मिनिटं उभं राहून नुसत्या डबलसीट गाड्या बघा. सिग्नल लाल झाला की मागच्यांची डोकी एकदम पुढे येतात, हेल्मेटवर हेल्मेट आपटतं, गाडी थांबली की तीच डोकी पुन्हा मागे जातात. आणि मधेच एखादी गाडी अशी येते की मागची बाई मांडीवर पिशवी धरून निवांत बसलेली असते, गाडी कधी थांबली हे तिला कळतसुद्धा नाही. दोघेही तेवढ्याच स्पीडने आलेले असतात, गाडीपण बहुतेक सेमच असते. फरक फक्त हाताचा आणि पायाचा.

हा फरक कुठून येतो ते आधी बघू. ब्रेक लावायचा आहे हे आपल्याला आधी माहीत असतं, त्यामुळे आपलं अंग आपोआप तयार होतं, ढोपरं टाकीला घट्ट लागतात, हात हँडलवर असतातच. मागच्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला समोर दिसते आपली पाठ, फार तर खांद्यावरून थोडासा रस्ता. ब्रेक लागला हे त्याला कळतं तेव्हा तो ऑलरेडी पुढे सरकलेला असतो. म्हणजे त्रास ब्रेकच्या जोराचा कमी आणि अचानकपणाचा जास्त. हळूहळू वाढत गेलेला चांगला कडक ब्रेकसुद्धा मागच्याला सहन होतो, पण कचकन लागलेला हलका ब्रेकपण त्याला हादरवतो. म्हणून मी शिकवताना एकच गोष्ट परत परत सांगतो, ब्रेकची सुरुवात हळू आणि शेवट हळू, मधे काय जोर लावायचा तो लावा. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आता वजनाचं. साठ-सत्तर किलोचा माणूस मागे बसला की गाडीचं वागणं बदलतं. सगळ्यात पहिले तर लिव्हर तेवढाच दाबला तरी गाडी उशिरा थांबते, कारण तेवढ्याच ब्रेकला आता जास्त वजन आवरायचंय. दुसरं म्हणजे हे वाढलेलं वजन मागच्या चाकावर आणि उंचावर असतं. एकटे असताना जोरात ब्रेक मारला की गाडीचं जवळपास सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि मागचा ब्रेक जरा जास्त दाबला की लगेच घसरतं. डबलसीटला मागच्या चाकावर वजन टिकून राहतं, त्यामुळे मागचा ब्रेक एकट्यापेक्षा जास्त कामाला येतो, त्याचा फायदा घ्यायचा. पण याचा अर्थ फक्त मागच्यावर गाडी थांबवायची असा नाही हां. सुक्या रस्त्यावर थांबवण्याचं मोठं काम अजूनही पुढचाच ब्रेक करतो. "पुढचा ब्रेक मारू नको, गाडी उलटते" हे जे लहानपणापासून ऐकवलं जातं ना, त्यामुळे कित्येक जण आयुष्यभर पुढचा लिव्हर धरतच नाहीत आणि वेळ आली की मागचं चाक घासत पुढच्या रिक्षात जातात. पुढचा कचकन मारू नका एवढंच खरं आहे.

थोडं गणित सांगतो, कंटाळा करू नका, याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. 40 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण 11 मीटर जाते. म्हणजे समोरच्या बसचा ब्रेक लाईट दिसून आपला हात लिव्हरवर दाबला जाईपर्यंत 11 मीटर गेलेच. त्याच्यापुढे मागच्याला त्रास होणार नाही अशा बेताने थांबायचं तर साधारण 25 मीटर लागतात, आणि कडक ब्रेक मारून थांबायचं तर त्याच्या निम्मे. 60 ला ब्रेकचं हे अंतर सव्वादोन पटीने वाढतं, कारण स्पीड दीडपट झाला की ब्रेकचं अंतर दीडपट नाही, दीड गुणिले दीड होतं. म्हणजे हायवेवर 60 ला असताना हळू थांबायला पंचावन्न-साठ मीटर हवेत, ते पण रिॲक्शनचे 17 मीटर सोडून. वेस्टर्न एक्सप्रेसवर एवढी जागा कोण देणार, मधे लगेच कोणतरी घुसतो, हे मला मान्य आहे. घुसू दे. तो घुसला की आपण परत थोडं मागे राहायचं, त्यात दोन मिनिटंपण जात नाहीत.

निघायच्या आधी दोन-तीन गोष्टी करून घ्या. टायरची हवा डबलसीटला वेगळी असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. चेनच्या बाजूला स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) नाहीतर चेनकव्हरवर एक स्टिकर असतो, त्याच्यावर एकट्याची आणि डबलसीटची हवा वेगवेगळी लिहिलेली असते. साधारण 150 सीसीच्या गाडीला पुढे 25, मागे एकट्याला 28 आणि डबलसीटला 32 च्या आसपास, पण आपल्या गाडीचा आकडा आपल्या स्टिकरवरच बघा. पेट्रोल पंपावर हवावाल्याला नुसतं "भर" म्हटलं की तो दोन्हीकडे 35 मारून देतो, तसं करू नका, पुढे जास्त हवा झाली की टायर रस्ता नीट धरत नाही, ओल्यात तर अजिबातच नाही. मागच्या शॉकअपला खाचा असतात, बहुतेक गाड्यांना पाच, टूलकिटमधल्या पान्याने फिरतात. रोजची सवारी असेल तर एक-दोन खाचा कडक करून ठेवा, नाहीतर मागून गाडी बसते, पुढून उचलल्यासारखी होते आणि ब्रेक लावला की आधी मागे बसलेली गाडी एकदम पुढे डुबकी मारते. हा झोका मागच्याला जास्त लागतो. आणि ब्रेकचा लिव्हर दाबून बघा, स्पंजसारखा मऊ लागत असेल तर ऑइल बघून घ्या, बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात आणि आपल्याकडे फार थोडे लोक बदलतात.

मग मागच्याशी बोला. हे लोकांना फार ऑकवर्ड वाटतं पण एकदाच सांगायचं असतं. मित्र असेल तर सांगा, एक हात सीटच्या मागच्या ग्रॅब रेलला, म्हणजे धरायच्या दांडीला, दुसरा माझ्या कमरेला, बॅग आपल्या दोघांच्या मधे नको पाठीवर घे, ढोपरांनी मला हलकं धरून ठेव, आणि सिग्नलला गाडी थांबली की तू पाय खाली टेकायचा नाही, मी टेकतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मदत म्हणून मागे बसलेला पाय टेकवतो आणि गाडी त्या बाजूला कलते, आपण दुसऱ्या बाजूला तोल धरलेला असतो, तिथेच गाडी पडते. हेल्मेट दोघांनाही. मुंबईत मागच्याच्या हेल्मेटची सक्ती ट्रॅफिक पोलिसांनी 2022 च्या जूनपासून चालू केली. पण दंड सोडा, दोन डोकी एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात, ब्रेकला ती आपटणारच, मग एकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि दुसऱ्याच्या उघड्या कपाळावर त्याची कड, याचा विचार करा. लहान मूल असेल तर 9 महिने ते 4 वर्षांपर्यंत त्याला हेल्मेट, बांधायचा पट्टा आणि 40 च्या वर स्पीड नाही असा केंद्राचा नियम आहे, तो 2023 पासून लागू झालाय. आणि लर्निंग लायसन्सवर असाल तर हा सगळा लेख वाचून ठेवा, पण लायसन्सवाला शिकवणारा सोडून कोणाला मागे बसवू नका, परवानगी नाही.

आई, काकू, आजी साडीत एका बाजूला बसणार असतील तर गोष्ट थोडी वेगळी. त्यांचं सगळं वजन डाव्या बाजूला असतं, त्यांना ढोपरांनी काही धरता येत नाही, आणि ब्रेक लागला की त्या सरळ पुढे न येता तिरक्या होऊन आपल्या पाठीवर येतात. त्यांच्यासाठी ब्रेक आणखी आधी चालू करायचा आणि आणखी हळू. निघताना पदर आणि निऱ्या साडीगार्डच्या आत नाहीत ना हे स्वतः उतरून बघा. साडीगार्ड हा नियमाने लागतो, पण हल्ली बरेच जण स्टाईलसाठी काढून टाकतात. घरातलं कोणी साडीत मागे बसत असेल तर प्लीज परत लावून घ्या. थांबताना त्यांचे पाय डावीकडे आपल्या पायाच्या अगदी जवळ असतात, म्हणून डावा पाय टेकताना तो मागे न नेता थोडा पुढे आणि बाहेर टाका, नाहीतर आपली टाच त्यांच्या बोटांवर पडते.

आता प्रत्यक्ष थांबणं. समजा तुम्ही एलबीएस रोडला 40 ने चाललाय आणि पुढे शंभरेक मीटरवर सिग्नल लाल आहे. पहिलं काम, ॲक्सिलरेटर सोडायचा, पण एकदम सोडायचा नाही. डबलसीटला पहिला गचका खरं तर इथेच बसतो, ब्रेकला हात लागायच्या आधी. रेस झटक्यात बंद केली की इंजिन गाडीला मागे खेचतं आणि मागचा पुढे डुलतो. म्हणून मनगट हळू फिरवत बंद करा, एक सेकंद घ्या. त्या एका सेकंदात मागच्याला आपोआप कळतं की आता गाडी थांबणार, त्याचं अंग तयार होतं. बोलून सांगायची गरजच राहत नाही.

मग मागचा ब्रेक अगदी हलका, पायाचं वजन नुसतं पेडलवर ठेवल्यासारखा, आणि त्याच्या पाठोपाठ पुढचा. मागचा किंचित आधी लावला की गाडी मागून थोडी खाली बसते आणि पुढची डुबकी कमी होते. पुढचा लिव्हर दोन नाहीतर तीन बोटांनी, ओलं फडकं पिळतो तसा दाबत न्यायचा. पहिल्यांदा फक्त पॅड डिस्कला टेकतात एवढंच, शॉकअप थोडासा खाली जातो, गाडी स्थिर होते, आणि मग जोर वाढवत जा. एकदा शॉकअप बसला की तुम्ही बराच कडक ब्रेक लावू शकता, मागचा माणूस पुढे येत नाही कारण त्याला धरायला वेळ मिळालेला असतो. लोक उलटं करतात, सुरुवातीला निवांत येतात आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये सगळा ब्रेक ओततात. जास्त ब्रेक सुरुवातीनंतर लगेच, आणि जसजसा स्पीड कमी होतो तसतसा ब्रेक पण कमी, हा क्रम डोक्यात ठेवा.

या सगळ्यात हात कडक नकोत. मागच्याचं वजन पाठीवर येतं आणि आपण ते हातांनी हँडलवर झेलतो, मग हँडल जड होतं, वळत नाही. ते वजन ढोपरांनी टाकीवर झेला. टाकी घट्ट धरा, पोट थोडं आवळा, कोपरं सैल ठेवा. ज्यांना लांब डबलसीट चालवल्यावर मनगटं दुखतात त्यांनी हे एकदा करून बघा.

गियरचं पण इथेच. क्लच लवकर दाबायचा नाही. खूप जणांची सवय असते, सिग्नल दिसला की क्लच दाबायचा आणि गाडी घरंगळत न्यायची. तेव्हा इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि डबलसीटला तो जास्त जाणवतो. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, असे एकेक गियर पाडत या, आणि प्रत्येक वेळी क्लच हळू सोडा. क्लच झटक्यात सोडला की गाडी मागून अडकल्यासारखी होते आणि मागच्याचं हेल्मेट टक्कन आपल्या हेल्मेटला लागतं. जमत असेल तर गियर पाडताना क्लच दाबलेला असतानाच अगदी थोडी रेस द्या, म्हणजे इंजिन त्या स्पीडला जुळतं आणि क्लच सुटल्याचं मागच्याला कळत नाही. नाही जमलं तर गियर पाडायला थोडे थांबा, स्पीड अजून कमी होऊ द्या, तेवढंही पुरतं. दुसऱ्या गियरवर दहा-बाराच्या स्पीडला आलात की क्लच दाबा, पहिला टाका, आणि तसेच क्लच दाबून थांबा. पहिल्यात थांबायचं कारण साधं आहे, डावा पाय एकदा जमिनीवर गेला की गियर बदलायला तो परत उचलावा लागतो आणि मागे माणूस असताना पायांची ही अदलाबदल म्हणजे तोल जायचे चान्सेस.

आणि आता शेवटचा एक मीटर. ह्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. गाडी थांबायच्या क्षणी काय होतं बघा. ब्रेक दाबलेला असतो, पुढचा शॉकअप खाली बसलेला असतो, आपण आणि मागचा दोघेही पुढे रेललेले असतो. चाक थांबलं की हे सगळं एकदम सुटतं, शॉकअप वर उसळतो, आणि मागच्याचं डोकं मागे जातं. तुम्ही ब्रेक जेवढा दाबलेला असेल तेवढी ही उसळी मोठी. म्हणून गाडी चालण्याच्या स्पीडवर आली, म्हणजे माणूस बाजूने चालत असता तर बरोबर राहिला असता एवढी हळू झाली, की पुढचा लिव्हर सैल करायला लागा. पूर्ण सोडायचा नाही, बोटं लिव्हरवरच, पण दाब जवळपास गेलेला. उरलेलं हातभर अंतर मागच्या ब्रेकवर संपवा. शॉकअप गाडी चालू असतानाच हळूहळू वर येतो आणि चाक थांबतं तेव्हा उसळायला काही उरतच नाही. सुरुवातीला तुम्ही स्टॉपलाईनच्या थोडे पुढे जाल, कारण ब्रेक सोडल्यावर गाडी अजून फूटभर सरकते, म्हणून त्या फुटाचा हिशोब आधीच करून ठेवा, झेब्राच्या आधी फूटभर थांबायचं असं ठरवूनच या.

थांबताना हँडल सरळ हवं. पुढचं चाक थोडं जरी वळलेलं असेल आणि त्याच वेळी पुढचा ब्रेक लागला तर गाडी त्या बाजूला अशी पडते की दोघांचं वजन एका पायाने सावरता येत नाही. ट्रॅफिकमध्ये दोन गाड्यांच्या मधून वाकडं शिरून थांबायची सवय असते ना, डबलसीटला ती सोडा, सरळ रांगेत उभे राहा. उजवा पाय ब्रेकवर, डावा खाली. आणि पाय टेकायच्या आधी जमीन बघा. आपल्याकडे रस्ते मधे उंच आणि कडेला गटाराकडे उतरते असतात, अगदी डावीकडे थांबलात तर डावा पाय जिथे टेकायचा ती जागा दोन-तीन इंच खाली असते, पाय पोचेपर्यंत गाडी कलायला लागलेली असते. उंची कमी असेल तर लेनच्या मधे थांबा. खाली वाळू, ओला पेव्हर ब्लॉक किंवा झेब्राचा पांढरा पट्टा असेल तर बूट सरकतो, हे पण बघून घ्या.

स्कूटरवाल्यांसाठी. गियर नाहीत त्यामुळे इंजिनचा रोध कमी, आणि शेवटी शेवटी तर क्लच आपोआप सुटून गाडी मोकळी होते, म्हणून ब्रेक आणखी आधी चालू करा. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (एका लिव्हरवर दोन्ही ब्रेक लागतात ते) नाहीतर एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही ते) आणि त्याच्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसच्या स्कूटरला डावा लिव्हर दाबला की पुढचा पण थोडा लागतो, म्हणून नुसत्या डाव्यावर पण गाडी बऱ्यापैकी थांबते, पण सवय दोन्हीची ठेवा, आधी डावा हलका, मग उजवा. शेवटच्या मीटरला उजवा सोडा, डाव्यावर संपवा. टाकी नसल्याने ढोपरांनी धरायला काही नसतं, त्यामुळे मागच्याने ग्रॅब रेल धरणं स्कूटरवर जास्त गरजेचं. पायाशी गॅसची टाकी नाहीतर दळणाचा डबा असेल तर त्या दिवशी सगळंच हळू.

मुंबईच्या रस्त्यांचं वेगळं सांगायला लागतं. बेस्टच्या बसच्या मागे अगदी चिकटून राहू नका, पुढचं काहीच दिसत नाही आणि स्टॉपवर ती थांबणारच आहे हे माहीत असूनही आपण दरवेळी अचानक ब्रेक मारतो. थोडं उजवीकडे राहिलं तर बसच्या पुढचा सिग्नल दिसतो. उपनगरात रिक्षा. रिक्षाचा ब्रेक लाईट चालू असेलच याची खात्री नाही, म्हणून लाईट बघू नका, कडेला हात दाखवून उभा असलेला माणूस बघा. तो माणूस दिसला की पुढची रिकामी रिक्षा थांबणार, ब्रेकला हात ठेवा.

स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांवर लोक ब्रेक दाबूनच चढतात. शॉकअप ब्रेकमुळे आधीच खाली बसलेला असतो, त्याला अजून खाली जायला जागा नसते आणि सगळा मार मागच्याच्या कमरेला लागतो. ब्रेक आधी मारून घ्या, पुढचं चाक टेकायच्या आधी ब्रेक सोडा, गाडी मोकळी चढू द्या. मागे आजोबा असतील, कमरेचं दुखणं असेल तर "स्पीडब्रेकर आलाय" एवढं मोठ्याने सांगायला काय जातं. फ्लायओव्हरच्या जॉइंटच्या लोखंडी पट्ट्या, मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, यांच्यावर चाक असताना ब्रेक वाढवायचा नाही, तेवढं पार करा आणि मग परत दाबा.

चढावर थांबणं हा एक वेगळाच प्रकार. केम्प्स कॉर्नरकडून पेडर रोडला चढताना ट्रॅफिक अडकलं की मागचं वजन गाडीला मागे ओढतं. इथे उजवा पाय ब्रेकवरून हलवायचा नाही, काय वाट्टेल ते झालं तरी. निघताना क्लच अर्ध्यावर आणा, गाडी पुढे जोर करायला लागली की मगच ब्रेक सोडा. उतारावर उलटं, तिथे पुढचा ब्रेक जास्त धरावा लागतो आणि मागचा माणूस आपल्या अंगावर येतो, त्याला आधीच सांगा की ग्रॅब रेल धर. दुसऱ्या गियरवर उतरा, तिसऱ्यात क्लच दाबून नाही.

पावसात पहिला पाऊस सगळ्यात वाईट. वर्षभराचं ऑइल, धूळ सगळं वर येतं, पहिला अर्धा-एक तास रस्ता साबणासारखा असतो. पावसात अंतर दुप्पट ठेवा, दोन्ही ब्रेक समान हलके, आणि कुठेही पाण्यातून बाहेर आलात, हिंदमाता असो नाहीतर मिलन सबवेच्या आसपास, तर लगेच एक-दोनदा ब्रेक हलका धरून ठेवा म्हणजे डिस्क आणि ड्रम सुकतात. ओल्या डिस्कला ब्रेक पहिला क्षणभर लागतच नाही, घाबरून आपण जास्त दाबतो आणि तेवढ्यात तो एकदम धरतो. डबलसीटला हीच खरी भीती आहे.

आणि कधीतरी हळू थांबायला वेळच मिळणार नाही. आरेच्या रस्त्यावर कुत्रा आडवा येईल, नाहीतर टॅक्सीचं दार उघडेल. तेव्हा मागच्याच्या आरामाचा विचार सोडा. एबीएस असेल तर दोन्ही ब्रेक जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा, लिव्हर हाताखाली थरथरतो, तो बिघाड नाही, ते त्याचं काम चाललंय, घाबरून सोडू नका. एबीएस एकाच चाकाला असतं बऱ्याच गाड्यांना, तेव्हा मागचं घसरू शकतं. एबीएस नसेल तर तसंच दोन टप्प्यांत, पण झटपट, आधी टेकवा आणि अर्ध्या सेकंदात जोर. मागचं चाक घसरलं तर नजर समोर, हँडल सरळ, पाय हळू सैल. पुढचं घसरलं तर लिव्हर लगेच सोडा आणि परत दाबा. वळणावर गाडी झुकलेली असताना असा ब्रेक मारायचा नाही, आधी गाडी सरळ करा. यात मागचा आपल्या पाठीवर आदळणारच, म्हणून ढोपरं टाकीला.

प्रॅक्टिस कुठे करायची असं विचारतात. रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेट बऱ्यापैकी रिकामी असते, बीकेसीचे आतले रस्तेपण. सात-साडेसातला जा, मित्राला घेऊन जा ज्याला गाडी चालवता येते, म्हणजे तो मागे बसून बरोबर सांगू शकेल. आधी 20 ने, मग 30 ने. रस्त्यावरची एखादी खूण धरा, मॅनहोलचं झाकण नाहीतर खांब, आणि त्याच्या बरोब्बर बाजूला थांबायचं. जमायला लागलं की मित्राला ग्रॅब रेल धरून डोळे मिटायला सांगा, आणि गाडी थांबली असं वाटेल तेव्हा "थांबली" म्हणायला सांगा. सुरुवातीला तो बरोबर त्याच क्षणाला म्हणेल कारण गचका बसलेला असेल. शेवटी ब्रेक हळू सोडणं जमायला लागलं की तो चुकायला लागतो, गाडी थांबून जाते आणि तो अजून गप्पच. मग जागा बदला, तुम्ही मागे बसा. मागे बसल्याशिवाय काय होतं ते नीट कळत नाही, रोज डबलसीट नेणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा तरी दुसऱ्याच्या मागे बसावं असं माझं मत आहे.

उतरवताना पण घाई नको. गाडी थांबली म्हणजे मागचा लगेच उतरणार असं बहुतेकांना वाटतं आणि तो उतरतो, आपण अजून न्यूट्रल शोधत असतो. गाडी कडेला सपाट जागेला घ्या, चढ-उतार टाळा, दोन्ही पाय खाली, पुढचा ब्रेक घट्ट, मागून रिक्षा किंवा गाडी डाव्या बाजूने घुसत नाही ना ते आरशात बघा, आणि मग "हां, उतर" म्हणा. मागचा खांद्यावर हात ठेवून डावीकडे उतरेल, त्याच्या उतरण्याने गाडी डावीकडे ओढली जाते, म्हणून डावा पाय आधीच थोडा लांब टाकून ठेवा. सायलेन्सर उजवीकडे आणि तापलेला असतो, लहान मुलांना आणि हाफपँटवाल्यांना त्या बाजूने उतरू देऊ नका.